मुख्य आणि प्रतिनिधी : इंजिनाच्या सुट्या भागांची निवड आणि मीमांसेतील एक जुना प्रश्न

मोटारगाडीच्या इंजिनातील एखादा भाग झिजला, तुटला किंवा त्याची मुदत संपली की त्याच्या जागी दुसरा बसवावा लागतो, आणि तो कोणता असावा याचा निर्णय पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या सुट्या भागांच्या बाजारात बहुधा उभ्या उभ्याच घेतला जातो. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वेष्टनातील भागाला बाजारात ‘ओरिजिनल’ किंवा ‘कंपनीचा माल’ म्हणतात; त्या वेष्टनाबाहेर इतर उत्पादकांकडून जे भाग स्वतंत्रपणे विकले जातात त्या सर्वांना मिळून ‘आफ्टरमार्केट’ ही संज्ञा आहे, आणि या दुसऱ्या वर्गातच एकीकडे नामांकित उत्पादकांचा महाग माल असतो, तर दुसरीकडे त्याच्या निम्म्या-पाव किमतीचा ‘लोकल’ माल. स्वस्त घ्यावे की महाग, हा प्रश्न सामान्यतः खिशाचा मानला जातो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा आणि बराच जुना आहे : एक वस्तू दुसरीच्या जागी केव्हा उभी राहू शकते, ती उभी राहिली हे कशावरून ठरते, आणि ती उभी न राहिल्यास त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

भारतीय विचारपरंपरेत या प्रश्नाची सर्वांत काटेकोर चर्चा पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक विधिवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राने, केलेली आहे. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात आणि त्यावरील शबरस्वामींच्या भाष्यात ‘प्रतिनिधी’ हा विषय येतो. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे साळीचे तांदूळ, सांगितले आहेत आणि ते मिळाले नाहीत तर कर्म सोडून द्यावे की नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे रानटी भात, घेऊन ते पार पाडावे, अशा स्वरूपाचे हे प्रश्न असून वाईच्या केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेल्या सात खंडांच्या मीमांसाकोशामुळे या शास्त्राची परिभाषा अभ्यासकांना आज एकत्र मिळते. यज्ञ आणि इंजिन यांच्यात साम्य आहे असे येथे म्हणायचे नाही. इंजिनाला स्वर्ग मिळत नाही आणि पुरोडाशाला, म्हणजे यज्ञात अर्पण करायच्या पिठाच्या रोटीला, पेट्रोल लागत नाही. मात्र एखादे कार्य अनेक अंगांनी मिळून सिद्ध होत असेल आणि त्यातील एक अंग उपलब्ध नसेल, तर त्याची जागा कशी भरावी याचा तार्किक आकृतिबंध मीमांसकांनी जितका बारकाईने मांडला, तितका अन्यत्र क्वचितच मांडला गेला आहे.

मीमांसेचे पहिले प्रतिपादन असे की नित्य कर्मात, म्हणजे जे करणे टाळता येत नाही अशा कर्मात, सर्व अंगे जमली नाहीत तरी शक्य तेवढ्यांनिशी कर्म करावे, कारण ते न करण्याचा दोष अपुरेपणाच्या दोषाहून मोठा असतो. उलट काम्य कर्मात, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने आपण होऊन हाती घेतलेल्या कर्मात, सर्व अंगे पूर्ण असल्याशिवाय प्रवृत्तच होऊ नये. हा भेद बाजारात विसरला जातो. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या टॅक्सीचालकाने गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आणण्यासाठी परवडणारा पर्यायी भाग घेतला, तर त्याला हलगर्जी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे कर्म नित्य आहे. याउलट इंजिनाची ताकद वाढवण्याच्या हौसेने एखाद्याने महागडा भाग आणून तो जुन्या, झिजलेल्या भागांच्या संगतीत बसवला, तर त्याने वरवर पाहता अधिक खर्च केलेला असला तरी मीमांसेच्या दृष्टीने तोच अधिक चुकलेला आहे, कारण काम्य कर्म त्याने अपुऱ्या अंगांनी आरंभले. अपुरेपणाला दिलेली ही परवानगी खुद्द इंजिनाच्या रचनेतही आढळते. ऑइल फिल्टर, म्हणजे इंजिनातील तेलातून धातूचे कण व काजळी गाळणारा भाग, चोंदला किंवा थंडीत तेल दाट झाले, तर त्यातील किंवा त्याच्या जोडीची ‘बायपास व्हॉल्व्ह’ नावाची झडप उघडते आणि न गाळलेले तेल तसेच पुढे जाऊ देते. अभियंत्यांनी हे मुद्दाम योजले आहे, कारण अस्वच्छ तेलाने इंजिन हळूहळू झिजते, पण तेलच न मिळाले तर बेअरिंग काही क्षणांत जळून इंजिन जाम होते.

प्रतिनिधी घेण्याची मुभा मात्र सरसकट नाही, आणि या चर्चेतील सर्वांत विचारप्रवर्तक भाग हाच आहे. मीमांसकांच्या मते द्रव्याला प्रतिनिधी असू शकतो, पण देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना असू शकत नाही. तांदळाचे प्रयोजन दृष्ट आहे : त्याचे पीठ होते, पिठाचा पुरोडाश होतो, आणि नीवाराचे पीठही तसेच होते हे डोळ्यांनी पाहता येते. परंतु अमुक देवतेच्या जागी दुसरी देवता घेतली तर होणारा परिणाम अदृष्ट, म्हणजे प्रत्यक्षाच्या कक्षेबाहेरचा, असल्यामुळे दोघींत साम्य आहे असे म्हणायला कोणताही आधार उरत नाही. ज्याचे कार्यच दिसत नाही त्याच्यासारखे दुसरे काय, हे ठरवणार कसे? या निकषाचा रोख पाहण्यासारखा आहे. बदली वस्तू हलकी आहे की भारी, हा विचार त्यात दुय्यम असून तिचे साम्य तपासण्याचे साधन तपासणाऱ्याजवळ आहे की नाही, हा विचार मुख्य आहे.

इंजिनाच्या भागांची विभागणी याच रेषेवर केली तर स्वस्त-महाग वादाचा बराचसा गोंधळ निवळतो. स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा भाग, साध्या निकेलच्या टोकाचाही मिळतो आणि इरिडियम या अतिशय कठीण धातूच्या टोकाचाही. दुसरा कितीतरी महाग असतो आणि कितीतरी अधिक टिकतो, परंतु ज्या इंजिनासाठी निकेलचा प्लग मान्य केलेला आहे तेथे तो लवकर बदलण्याची तयारी ठेवून वापरला, तर त्यात कसलीही फसगत नाही, कारण प्लग थकला की इंजिन अडखळू लागते आणि आपली अवस्था स्वतःच सांगते. एअर फिल्टर तर खोलून उजेडात धरता येतो. अशा भागांचे कार्य दृष्ट असते, त्यांचे अपयश हळूहळू आणि बोलत-बोलत येते, आणि म्हणून तेथे स्वस्त प्रतिनिधी हा केवळ हिशेबाचा विषय राहतो.

टायमिंग बेल्टची गोष्ट निराळी आहे. इंजिनातील क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, आणि कॅमशाफ्ट, म्हणजे हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, यांना एका लयीत बांधून ठेवणारा हा दातेरी पट्टा असतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांना कॅमशाफ्टची एक फेरी असे प्रमाण असल्याने मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या साध्या वेगातसुद्धा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो व मिटतो. ज्या इंजिनांत उघडलेल्या व्हॉल्व्हची जागा आणि वर आलेल्या पिस्टनची जागा एकच असते, आणि केवळ वेळेच्या फरकामुळे दोघांची टक्कर टळते, त्यांना ‘इंटरफिअरन्स’ इंजिन म्हणतात. भारतात डस्टरसारख्या गाड्यांमधून आलेले रेनॉचे १.५ लिटरचे डिझेल इंजिन या प्रकारचे आहे. पट्टा तुटला किंवा त्याचे काही दात गेले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि हेड खोलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हा पट्टा आच्छादनाखाली असतो, त्याची ताकद आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांत आणि उष्णता सोसणाऱ्या विशिष्ट रबरात असते, आणि तुटण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो पुष्कळदा धडधाकट दिसतो. हलका पट्टा आणि उत्तम पट्टा दुकानाच्या गल्ल्यावर शेजारी-शेजारी ठेवले तर अनुभवी मिस्त्रीलाही केवळ स्पर्शाने त्यांतील फरक खात्रीने सांगता येईलच असे नाही. कार्य अदृष्ट नसले तरी त्याचा दर्जा अदृष्ट आहे, आणि जेथे दर्जा अदृष्ट तेथे साम्याचा दावा निराधार, हा मीमांसेचा तर्क येथे जसाच्या तसा लागू पडतो. क्रँकशाफ्टची बेअरिंग, हेड गॅस्केट आणि ऑइल फिल्टरही याच बाजूला पडतात. फिल्टरचे नाव या यादीत पाहून आश्चर्य वाटेल, कारण तो स्वस्त आणि सहज बदलता येण्याजोगा असतो. परंतु पत्र्याच्या बंद डब्यात गाळण्याचा कागद किती आहे, तो किती बारीक कण अडवतो आणि बायपासची झडप योग्य दाबालाच उघडते की नेहमीच अर्धवट उघडी राहते, हे विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. आयएसओ ४५४८ या प्रमाणमालेत अशा फिल्टरांच्या चाचण्या सांगितल्या आहेत, त्या दर्जा डोळ्यांना दिसत नाही म्हणूनच.

जे दिसत नाही ते किमतीवरून ओळखावे, असे सांगितले जाते. नैयायिकांच्या, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या न्यायशास्त्राच्या अनुयायांच्या, भाषेत हे अनुमान आहे : किंमत हा हेतू, दर्जा हे साध्य. अनुमान खरे ठरण्यासाठी हेतू आणि साध्य यांच्यात व्याप्ती, म्हणजे कधीही न चुकणारे साहचर्य, असावे लागते, आणि येथे ते नाही, कारण महाग माल वाईट निघाल्याची उदाहरणे आहेत आणि स्वस्त माल चांगला निघाल्याचीही. न्यायशास्त्रात असा हेतू सव्यभिचार, म्हणजे साध्याला सोडून भलतीकडेही आढळणारा, मानला जातो. धूर पाहून अग्नीचे अनुमान होते, पण अग्नी पाहून धुराचे होत नाही, कारण धूर निघण्यास ओले सरपण ही आणखी एक अट, म्हणजे उपाधी, लागते. त्याचप्रमाणे किमतीवरून दर्जा ओळखण्यास माल खरोखरच वेष्टनावरील उत्पादकाचा असणे ही उपाधी लागते, आणि नेमकी तीच किमतीत दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच अडचण दुसऱ्या बाजूने मांडली : खरेदीदाराला दर्जा ओळखता येत नसेल तर तो सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल विकणे परवडेनासे होऊन चांगले विक्रेते निघून जातात, आणि बाजारात वाईट मालाचे प्रमाण वाढत जाते.

मग ज्ञानाची खात्री करावी कशी? येथे मीमांसा आणि न्याय यांच्या वाटा फुटतात. मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात, म्हणजे झालेले ज्ञान बाधक पुरावा पुढे येईपर्यंत खरेच समजावे असे म्हणतात; नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, विशेषतः त्यावर आधारलेली कृती सफल झाली की नाही यावरून, ठरतो असे म्हणतात. पाणी दिसले, जवळ जाऊन प्याले, तहान भागली, म्हणून ते ज्ञान खरे. टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र तहान भागली की नाही हे ६०-७० हजार किलोमीटरनंतर कळते आणि तोवर दुकानाची पावतीही हरवलेली असते. त्यामुळे अशा भागांपुरती नैयायिकांची कसोटी विकत घेणाऱ्या एकट्याच्या हाती लागत नाही. ती अनेक गाड्यांचे आयुष्य पाहिलेल्या माणसाच्या हाती असते, आणि त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. न्यायशास्त्राने अशा माणसाला आप्त म्हटले आहे : ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो तो जसाच्या तसा सांगू इच्छितो. यातील दुसरी अट पहिलीहून अवघड आहे, कारण ज्या मेकॅनिकला दुकानदाराकडून टक्केवारी मिळते त्याचे ज्ञान कितीही सखोल असले तरी त्याचे आप्तत्व तेवढ्यापुरते शंकास्पद होते.

कंपनीच्या पुस्तिकेचे स्थानही या संदर्भात तपासले पाहिजे. मीमांसेने वेदाला अपौरुषेय, म्हणजे कोणाही माणसाने न रचलेला, मानून त्याच्या वचनाला हितसंबंधांच्या संशयापलीकडे ठेवले. मोटार कंपनीची पुस्तिका पूर्णतः पौरुषेय आहे, आणि ‘फक्त आमचेच भाग वापरा’ या वचनात तिचा स्वार्थ उघड आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. पुढे प्रकरण अपिलात गेले, तरी आयोगाचा आक्षेप लक्षात राहण्यासारखा आहे. त्यात भर म्हणजे पट्टे, फिल्टर, बेअरिंग यांपैकी बरेचसे भाग मोटार कंपन्या स्वतः बनवतच नाहीत. बॉश, माहले किंवा गेट्स यांच्यासारख्या पुरवठादारांचा माल कंपनीच्या वेष्टनातून एका किमतीला आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या वेष्टनातून दुसऱ्या किमतीला मिळू शकतो. म्हणून पुस्तिकेतील मजकुराचे मीमांसकांप्रमाणेच दोन भाग करणे इष्ट आहे : माप, ताण, तेलाची श्रेणी, बदलण्याची मुदत हा विधी, आणि बाकीची स्तुती-निंदा हा अर्थवाद, म्हणजे विधीकडे मन वळवण्यासाठी केलेले वर्णन. वेष्टनावरचा ‘प्रीमियम’ हा शब्द निखळ अर्थवाद आहे.

शबरस्वामींच्या चर्चेत आणखी एक प्रसंग येतो तो याच्याशी निगडित आहे. पशू बांधण्याचा यूप खदिराचा, म्हणजे खैराच्या लाकडाचा, असावा असे विहित असताना मिळालेला खैर इतका बारीक असेल की पशू त्याला बांधताच येणार नाही, आणि जवळ कदर नावाचे मजबूत लाकूड असेल, तर काय करावे? निर्णय असा की द्रव्य आणि प्रयोजन यांत विरोध आला तर प्रयोजन श्रेष्ठ, कारण द्रव्य प्रयोजनासाठी असते. कर्मठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राने दिलेला हा निर्णय कंपनीच्या नावावर आंधळेपणाने विसंबणाऱ्यांना अंतर्मुख करणारा आहे. कंपनीच्या वेष्टनातील पण वर्षानुवर्षे उन्हात पडून कडक झालेला रबरी पट्टा हा नावाचा खैर आहे.

परंतु प्रयोजनाच्या नावाखाली काहीही चालते असेही नाही. निषिद्ध द्रव्य कितीही सारखे असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही, आणि मुगाच्या जागी उडीद चालत नाहीत ते उडीद यज्ञाला वर्ज्य म्हणून. बनावट मालाला हीच व्यवस्था लावावी लागते. स्वस्त भाग आपण स्वस्त आहोत हे सांगून विकला जातो; बनावट भाग दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या होलोग्रामची नक्कल करून विकला जातो, आणि म्हणून त्याची गणना ‘कमी दर्जाचा प्रतिनिधी’ अशी करणे हीच मुळात वर्गीकरणाची चूक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात लाकूड, धातू, दोर, कातडे इत्यादींच्या अस्सल नसलेल्या वस्तू अस्सल म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. हलकी वस्तू हलकी म्हणून विकण्याचा प्रकार त्या दंडात बसत नाही.

मीमांसेतील एका नियमाकडे मात्र गॅरेजांचे विशेष लक्ष जायला हवे : प्रतिनिधीला प्रतिनिधी नसतो. नीवार घेतले आणि तेही नष्ट झाले, तर पुढचे द्रव्य नीवारासारखे शोधायचे नाही, मूळ व्रीहींसारखे शोधायचे. यामागचा विचार यंत्रशास्त्राच्या अंगाने लगेच पटतो. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबल्यानंतरही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये ती २०२३ पर्यंत धावत होती, आणि कंपनीचे सुटे भाग दुर्मीळ होत गेलेल्या अशा कोणत्याही गाडीला नकलेवरच गुजराण करावी लागते. नक्कल जर मूळ आराखड्यावरून केली तर तिच्यातील चूक एकदाच होते; पण ती झिजलेल्या भागावरून, आणि पुढची नक्कल त्या नकलेवरून केली, तर मिलिमीटरच्या शतांशांतील फरक पिढीगणिक साठत जातो, आणि इंजिनात पिस्टन व सिलिंडर किंवा बेअरिंग व दांडा यांच्यातील तेलाच्या थराची जागा अशा शतांशांतच मोजली जाते. प्रत्येक नक्कल आपल्या लगतच्या पूर्वजाशी जुळते आणि तरीही शेवटची मूळ वस्तूशी जुळत नाही. म्हणून चांगल्या आफ्टरमार्केट उत्पादकाची ओळख किमतीपेक्षा या प्रश्नाने अधिक पटते, की त्याने माप कशावरून घेतले.

शेवटी उत्तरदायित्वाचा प्रश्न उरतो, आणि त्यात मीमांसा आजच्या ग्राहककायद्याहून वेगळी दिशा घेते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादक व विक्रेता यांचे दायित्व ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे. मीमांसा मात्र यजमानाकडे, म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ केला जातो त्याच्याकडे, पाहते. ऋत्विज, म्हणजे दक्षिणा देऊन नेमलेले याज्ञिक, बदलता येतात. यजमानाला प्रतिनिधी नाही, कारण फळ त्याचे आहे आणि ज्याचे फळ त्याचाच संकल्प. गाडीचा मालक ‘मेकॅनिकने जे बसवले ते’ असे म्हणतो तेव्हा तो यजमानपण ऋत्विजाच्या हाती देत असतो, आणि शास्त्र म्हणते की ते देताच येत नाही. या नियमाला एकच अपवाद सांगितला आहे, तो सत्र या दीर्घ यज्ञाचा, ज्यात किमान १७ जण मिळून सर्वच यजमान आणि सर्वच ऋत्विज असतात. त्यांतील एखादा मध्येच मरण पावला तर संख्या पूर्ण करण्यासाठी बाहेरचा माणूस घेता येतो, पण त्याला केवळ काम असते, फळ नसते.

आजच्या भाड्याच्या गाड्यांची स्थिती या अपवादाहूनही बिकट आहे. गाडी एकाच्या नावावर, कर्ज दुसऱ्याचे, ती चालवणारा तिसरा, आणि आत बसणारा चौथा, अशा व्यवस्थेत स्वस्त पट्टा घेण्याचा निर्णय ज्याचा पैसा वाचतो तो घेतो, आणि भर घाटात इंजिन बंद पडते तेव्हा समोर असतो पगारी चालक व त्याचा प्रवासी. सत्रात नंतर घेतलेल्या माणसाला फळ मिळत नव्हते, पण दुसऱ्याच्या काटकसरीचा धोकाही त्याच्या वाट्याला येत नव्हता. येथे तो येतो. यजमानाला प्रतिनिधी नाही हा नियम अशा ठिकाणी लावायचा तर आधी यजमान कोण हे ठरवावे लागेल, आणि ज्याचे फळ तो यजमान या व्याख्येत नुकसान हेही फळच धरले, तर मागच्या आसनावरचा अनोळखी प्रवासीसुद्धा त्या निर्णयात मत मागण्याचा अधिकारी ठरतो.